खफजीत चढ नाही

शुक्रवारची सकाळ होती आणि मासळी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात एक पांढरी पिकअप उड्या मारत होती. चार हात पुढे जायची, गचका खायची, बंद पडायची. पुन्हा घरघर, पुन्हा गचका. सौदीत शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे सकाळी अख्खं खफजी गाव झोपलेलं असतं. समुद्राच्या कडेने चालायला मी आणि मांजरं, एवढेच असतो. मला वाटलं, कोणी टवाळ पोरं गाडीचा जीव घेताहेत. जवळ जाऊन बघते तर स्टिअरिंगवर हाजराभाभी. शेजारी त्यांचे मोहियुद्दीनभाई, त्यांची काठी खिडकीतून हातभर बाहेर आलेली. भाभींनी मला बघून हात हलवला आणि त्या नादात गाडी पुन्हा बंद पडली.

यात नवल काय, असं कोणी म्हणेल. नवल हे की हाजराभाभींना गाडी उत्तम चालवता येते. या देशात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली, तेव्हा आमच्या इमारतीतल्या बाकीच्या आम्ही सगळ्याजणी ‘बघू, करू’ म्हणत बसलो होतो. भाभी बॅग भरून दम्मामला भाच्याकडे गेल्या, तिथल्या शाळेत शिकल्या आणि लायसन घेऊनच परत आल्या. तेव्हापासून आमच्या इमारतीचं अडलंनडलं त्यांच्या गाडीतून निघतं. मला दाढदुखीने रडकुंडीला आणलं तेव्हा दवाखान्यात त्यांनीच नेलं. वाटेत एका सौदी पोराने मध्येच गाडी घातली, तर काच खाली करून त्याला अरबीत असं ‘यल्ला’, म्हणजे ‘चल, नीघ’, ऐकवलं की माझी दाढ दुखायची थांबली.

त्यांची गाडी अर्थात ऑटोमॅटिक. इथं बहुतेक सगळ्यांच्या तशाच असतात. गिअर टाकायची भानगड नाही, क्लच नाही, डावा पाय नुसता बसून राहतो. मग अशी छान गाडी दारात असताना ही बाई पन्नाशी उलटल्यावर मुनाफ मासळीवाल्याच्या जुनाट गिअरच्या पिकअपवर का घाम गाळते आहे?

मला चैन पडेना. माझे यजमान सुमीत म्हणतात, मला दुसऱ्याच्या घरात डोकावायची खोड आहे. साफ खोटं. मी डोकावत नाही, दार वाजवून विचारते. त्याच दिवशी दुपारी मी भाभींचं दार वाजवलं.

“हौस गो,” भाभी म्हणाल्या. “दुसरं काय?”

आणि माझ्यापुढे तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण ठेवलं. भाभींना जे सांगायचं नसतं, त्यावर त्या असं काहीतरी झाकण ठेवतात. मी जेवले, पण माझं समाधान झालं नाही.

भाभींबद्दल थोडं सांगायला हवं. बाणकोटच्या खाडीकाठी त्यांचं माहेर आणि सासर, दोन्ही. लग्न झाल्यावर मोहियुद्दीनभाई सुट्टी संपवून इकडे आले आणि भाभी काही वर्षं गावीच सासूजवळ राहिल्या. मुलगा शारीक शाळेत जायच्या वयाचा झाला तेव्हा नवऱ्याने त्यांना खफजीला आणलं. त्या वेळी त्यांना हिंदीही धड येत नव्हती, अरबीचं तर नावच सोडा. आता मासळी बाजारात त्या हामूर माशाचे कल्ले उघडून बघतात, विक्रेत्याकडे एक नजर टाकतात आणि तो स्वतःहून ताजा मासा खालून काढतो. शारीक शिकून जेद्दाला नोकरीला गेला. मोहियुद्दीनभाई समुद्रातल्या तेलाच्या कामांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. काही वर्षांपूर्वी गोदामात शिडीवरून पडले आणि डाव्या पायातली ताकद गेली ती गेलीच. पुढे हृदयातही स्टेंट बसला. तरी माणूस हसतमुख. ऑटोमॅटिक गाडीला डावा पाय लागत नाही, म्हणून कामावर स्वतः गाडी घेऊन जातात आणि म्हणतात, “वहिनी, माझा एक पाय रिटायर झालाय, दुसऱ्याची ड्यूटी चालू हाय.”

पुढच्या शुक्रवारी मी चालायचं सोडून सरळ मैदानात गेले आणि पिकअपच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. इथं पिकअपला वनेत म्हणतात. मुनाफच्या वनेतला मागेही सीट आहे आणि त्या सीटला सुरमईचा वास आहे. मी ओढणी नाकाला लावली आणि म्हटलं, “चालू द्या.”

मोहियुद्दीनभाईंचं शिकवणं मोठं गमतीचं होतं. आयुष्यभर गोदामात प्रत्येक नट कुठल्या खणात आहे ते सांगणारा माणूस, त्यामुळे त्यांना सगळं क्रमाने हवं. आधी क्लच पूर्ण दाब. मग पहिला गिअर. मग ॲक्सिलरेटर थोडा. मग क्लच सोड, पण हळू. भाभी पहिल्या तीन गोष्टी अगदी शहाण्या मुलीसारख्या करायच्या आणि चौथीला पाय असा झटकन उचलायच्या की मी पुढच्या सीटवर आपटायची.

“हळू म्हंजे किती हळू?” भाभी वैतागल्या.

“हळू म्हंजे हळू.”

“हे काय उत्तर झालं? तुमच्या गोदामात कोणी असं बोललं तर चालेल तुम्हाला?”

भाई विचारात पडले. मग म्हणाले, “भाकरी कधी उलटायची, हे तुला कोण सांगतं?”

“कोण सांगणार? कळतं.”

“मग हेपण कळंल. पाय वर येताना एक जागा येते. गाडी जराशी थरथरते, पुढचं तोंड उचलल्यागत होतं. तिथं पाय थांबव. घाई केलीस की मेली.”

भाभींनी डोळे मिटले. मी घाबरून म्हटलं, “भाभी, डोळे!” “अगं गाडी उभी हाय,” म्हणून त्यांनी मला गप्प केलं. पाय हळूहळू वर आला. सीटखालून बारीक थरथर आली, मलाही जाणवली. पाय तिथं थांबला. आणि मुनाफची वनेत, काही न बोलता, गुळगुळीत पुढे निघाली. भाभी लहान मुलीसारख्या ओरडल्या. भाई काठी दाराबाहेर आपटत “वाह! वाह!” करत होते आणि पलीकडे मासळीचे खोके धुणारा मुनाफ हातातली नळी तशीच सोडून बघत राहिला.

मैदानाच्या समुद्राकडच्या कडेने वनेत मुनाफकडे परत नेताना मी पुन्हा विचारलं. हौस एवढ्या कष्टाची नसते, एवढं मलाही कळतं.

या वेळी भाईंनी उत्तर दिलं. त्यांची साठी झाली होती आणि कंपनीने सांगितलं होतं, आता इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढवायचा नाही. एप्रिलमध्ये फायनल एक्झिट, म्हणजे सगळं आवरून कायमचं गावी. आणि गावच्या घरात जी गाडी आहे, ती गिअरची.

“मग ती विकून तिथं ऑटोमॅटिक घ्या की,” मी म्हटलं. मला वाटलं, मी फार मोठा तोडगा काढला. “तिकडेही मिळतात आता.”

भाभींनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. समोर आखाताचं पाणी अगदी सपाट पडलेलं होतं. भाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं.

“आमचा मोहल्ला तू बघितलेला नाय,” भाभी म्हणाल्या. “प्रत्येक अंगणात गाडी हाय. कोणाची कुवेतच्या पैशाची, कोणाची दुबईच्या, कोणाची इथल्या. वरती कापड घातलेलं. मालक सुट्टीवर आला की कापड निघतं, महिनाभर गाडी फिरते, मालक गेला की पुन्हा कापड. घरात कोण? बायका, म्हातारी आणि पोरं. गाडी चालवणारा एकटा यूनुस, सगळ्या मोहल्ल्याला मिळून एक. त्याला फोन करायचा, तो येतो, ज्याची त्याची गाडी काढतो, काम झालं की लावून ठेवतो.”

मग त्यांनी सासूबाईंची गोष्ट सांगितली. शारीक पाचवीत होता, तो आणि भाभी सुट्टीत गावी गेलेले. एका पहाटे सासूबाईंच्या छातीत कळ आली. गाडी दारात होती, पेट्रोल भरलेलं, परवाच धुतलेली. यूनुस कोणाला तरी सोडायला मुंबईच्या विमानतळावर गेलेला. बायकांनी म्हातारीला उचलून मागच्या सीटवर बसवलं, कारण कोणीतरी येईल असं सगळ्यांना वाटत होतं. पलीकडच्या गावात निरोप गेला. कोणी येईना.

“मी खिडकीतून हात घातला आणि हॉर्न वाजवत राहिले,” भाभी म्हणाल्या. “म्हटलं, एखाद्या घरात कोणी पुरुष सुट्टीवर आलेला असला तर ऐकंल. सगळ्या घरांची दारं उघडली गो. सगळ्यांतून बायकाच बाहेर आल्या. माझ्यासारख्याच. आम्ही त्या गाडीभोवती उभ्या राहिलो आणि आई आत बसल्या बसल्या गेल्या. दारातच.”

मोहियुद्दीनभाई त्या वेळी इथं होते. त्यांना फोनवर कळलं. त्यांनी खिडकीबाहेर बघतच सांगितलं, “मी गाडी घेतली होती आईसाठीच.”

मला एवढं विचारून काढल्याची लाज वाटली आणि तरीही बरं वाटलं की विचारलं. आता भाभींचं दम्मामला जाणं, ते लायसन, सगळ्याचा अर्थ लागत होता. इथं मुभा मिळाली त्या आठवड्यात त्या कोणासाठी धावत गेल्या होत्या, ते कळलं. फक्त लायसन मिळालं ते ऑटोमॅटिकवर शिकून, आणि मोहल्ल्यातल्या त्या कापडाखालच्या सगळ्या गाड्या गिअरच्या.

“आमची गाडी बदलून काय होणार?” भाभी म्हणाल्या. “आता हे येणार तिथं राहायला, छातीत स्प्रिंग घेऊन. ह्यांच्यासाठी तर पाहिजेच. पण उद्या वेळ आली तर समोर जी गाडी असंल ती मला काढता आली पाहिजे. आमची असो नायतर शेजारणीची.”

त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी एकाही गचक्याशिवाय निघाली.

पुढे मी दर शुक्रवारी जाऊ लागले. फेब्रुवारीपर्यंत भाभी चौथ्या गिअरपर्यंत पोचल्या, गिअरकडे न बघता बदलू लागल्या. मी खुश, भाई मात्र चिंतेत. विचारलं तर म्हणाले, “वहिनी, आमच्या घराचं फाटक उघडलं की तिथूनच चढ सुरू होतो. खाडीवरून थेट वर डांबरी रस्त्यापर्यंत, मशिदीच्या मागून. सपाटीला ही शिकली, पण चढावर उभी गाडी काढता आली नाय, तर फाटकातूनच बाहेर पडणार नाय.”

आणि खफजीत चढ नाही.

ही गोष्ट तोपर्यंत माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. मी इतकी वर्षं इथं राहते. एका टोकाला उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा सिग्नल दिसावा असं हे गाव. आम्ही चढ शोधायला निघालो. वाळूचे ढिगारे होते, पण त्यात चाकं रुतायची. महामार्गावर पूल होता, पण तिथं ट्रक अंगावर येणार. मी सुमीतना विचारलं, “तुम्ही इंजिनिअर ना, मग सांगा खफजीत चढ कुठं आहे?” ते म्हणाले, “समुद्राखाली.” अशा माणसाशी मी संसार करते.

शेवटी चढ शोधला मुनाफने. गावाबाहेर एक फर्निचरचं दुकान केव्हाचं बंद पडलं होतं, त्याच्या मागून गच्चीवरच्या पार्किंगला जाणारा सिमेंटचा उतार होता. राखणदाराला मुनाफने दोन पापलेटं नेऊन दिली आणि आमचं काम झालं. उतार बघून भाई खाली उतरले, काठीच्या टोकाने त्याचा कल मापला आणि म्हणाले, “थोडा कमी हाय. पण चालंल.”

माझ्या वाट्याला दगड आला. गाडी चढावर मध्ये उभी करायची, हँडब्रेक ओढायचा आणि मी मागच्या चाकाला दगड लावायचा, म्हणजे चुकलंच तर गाडी मागे येणार नाही. एम. कॉम. झालेली बाई मी, दोन्ही हातांत दगड धरून वनेतमागे पळते आहे, हे माझ्या माहेरच्यांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोणास ठाऊक. भाभी क्लच सोडायच्या, गाडी थरथरायची, हँडब्रेक खाली जायचा आणि गाडी दगडावर येऊन टेकायची. पुन्हा. पुन्हा. भाभींचा चेहरा लालबुंद.

“नाय जमत मला!” त्या एकदा ओरडल्या. “जमणारच नाय! तुम्ही शिकवता ते सगळं सपाटीचं!”

“थरथर आली?”

“आली!”

“मग तिला पोट भरून थरथरू दे. तू लगेच ब्रेक सोडतेस. गाडीला आधी वजन घेऊ दे. तिनं घेतलं की मग तू सोड.”

त्यांनी पुन्हा हळूहळू क्लच सोडायला घेतला. इंजिनाचा आवाज बदलला, जाडा झाला. गाडीचं तोंड वर उचललं. हँडब्रेक खाली गेला आणि गाडी तिथंच राहिली, ना पुढे ना मागे, एक क्षणभर. मग वर चालू लागली. माझ्या दगडाला तिने शिवलंही नाही. मी तो दगड घेऊन टाळ्या वाजवायला गेले आणि तो माझ्या पायावर पडला. आठवडाभर लंगडत होते, आणि भाई आणि मी जिन्यावर भेटलो की दोघेही हसायचो.

एप्रिल जवळ आला. भाभींच्या घरात खोके बांधले जाऊ लागले. तेलाचे डबे, खजूर, पांघरुणं, प्रत्येक नातेवाइकाच्या नावाने साबण आणि अत्तर, वर दोरीच्या गाठी. मी मदतीला गेले होते. तेवढ्यात गावाहून त्यांच्या धाकट्या जावेचा, लायबाचा व्हिडिओ कॉल आला. भाभी रंगात होत्या. म्हणाल्या, “लायबा, गाडीवरचं कापड काढ बघू. आत बस, मला दाखव. मी आल्या आल्या चालवणार हाय.”

लायबाने कापड काढलं, आत बसली आणि फोन फिरवून दाखवू लागली. “हे बघा भाभी, स्टिअरिंग. हा गिअर.”

लायबाचा डावा हात गिअरवर होता.

भाभी बघत राहिल्या. भाई बघत राहिले. मी हातात चिकटपट्टी घेऊन बघत राहिले. इथं स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. तिकडे स्टिअरिंग उजवीकडे, गिअर डाव्या हाताला. हे आम्हा तिघांनाही जन्मापासून ठाऊक. मी तर शिकलेच कोल्हापुरात मामाच्या गाडीवर, डाव्या हाताने गिअर टाकत. भाई दर सुट्टीत तीच गाडी चालवायचे. आणि इतके महिने आम्ही तिघांनी मिळून भाभींचा उजवा हात तयार केला होता.

“विमानातून उतरलो की माझा हात आपसूक बदलायचा,” भाई कपाळाला हात लावून म्हणाले. “म्हणून कधी ध्यानातच आलं नाय.”

भाभी फोन ठेवून खोक्यावर बसल्या. मला वाटलं, आता रागावतील, आणि त्यांचा राग मी पाहिलेला आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “पाय?”

“पाय तेच,” भाई घाईने म्हणाले. “क्लच तिकडेपण डाव्याच पायाला. पायांचं काय बदलत नाय.”

“मग अर्धं काम झालेलं हाय.” त्या उठल्या. “विभा, तुला गिअरची गाडी येते ना गो?”

येते म्हणजे येत होती, वीस वर्षांपूर्वी. पण त्यांच्या डोक्यात काय आलं ते मला लगेच कळलं आणि मी बघतच राहिले. वनेतमध्ये डावीकडे चालकाने बसायचं. मग उजवीकडच्या सीटवर बसणाऱ्याला गिअर कुठल्या हाताला येतो? डाव्या.

राहिलेल्या सगळ्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून ती गाडी चालवली. स्टिअरिंग आणि पाय माझे, गिअर भाभींच्या डाव्या हातात, भाई मागे सुरमईच्या वासात. “दाब!” भाभी ओरडायच्या, मी क्लच दाबायची, त्या गिअर टाकायच्या. पहिल्या दिवशी आतून दात खाल्ल्यासारखे आवाज आले आणि मुनाफने कानांवर हात ठेवले. त्यांचा हात तिसऱ्याऐवजी पहिल्यावर जायचा, माझा पाय उशिरा पडायचा आणि आम्ही एकमेकींना बोल लावायचो. भाभींचा डावा पाय मात्र त्यांच्या बाजूच्या चटईवर बरोबर दाबला जात होता, तिथं क्लच नसताना. शेवटच्या सकाळी मैदानाला फेऱ्या मारताना माझ्या लक्षात आलं की बराच वेळ कोणी ‘दाब’ म्हणालेलंच नाही. माझा पाय आणि त्यांचा हात आपापले जाऊन मिळत होते. या बाईला मी कधी ‘राहा ना’ म्हणू शकणार नव्हते.

ते गेले. वरच्या मजल्यावर त्यांच्या घरात दुसरं कुटुंब आलं. भाभींचे अधूनमधून फोन यायचे. तिकडचं लायसन निघालं. चढावर पहिल्यांदा गाडी तीनदा बंद पडली, मोहल्ल्यातल्या बायका कट्ट्यावर बसून मजा बघत होत्या. मग एकेकीने सांगून पाहिलं, बँकेत सोड, पोराला डॉक्टरकडे ने. भाईंची तब्येत बरी, मासे खाऊन वजन वाढलंय. मी सगळं खोदून खोदून विचारायची.

सप्टेंबरात एकदा भर दुपारी त्यांचा फोन आला. आवाज वेगळा वाटला. माझ्या मनात आलं ते भाईंबद्दलच.

“भाई बरे आहेत ना?”

“हे बरे हायत. इथं बाजूलाच उभे हायत. आम्ही दवाखान्यात हाय, तालुक्याला. शेजारची हफीजाबाई, म्हातारी. सकाळी छातीत कळ आली. आमची गाडी मिस्तरीकडे होती. मी तिचीच काढली.”

“तिची? कधी चालवली होती?”

“कधीच नाय. कापड काढलं आणि बसले. फाटकातून चढ होता. निघाली.”

“आणि हफीजाबाई?”

“वाचली. डॉक्टर बोलला, टायमावर आणलंत.”

माझा जीव भांड्यात पडला. मी काहीबाही बोलत सुटले, शाबास काय, कमाल काय. मग कळलं की भाभी रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी समुद्रापाशी सासूबाईंचं सांगतानाही त्यांचा आवाज हलला नव्हता.

“भाभी, आता का रडता? सगळं नीट झालं ना?”

“झालं. म्हणूनच.” त्यांनी श्वास घेतला. “मी येताना बघत होते गो. वरचा रस्ता, मग आंब्याची बाग, मग पूल, आणि दवाखाना आलापण. मला वाटायचं, फार लांब हाय. इतकी वर्षं वाटायचं, गाडी निघाली असती तरी आपण पोचलोच नसतो.”

फोनमध्ये मागे कोणाची तरी चाकाची खुर्ची खडखडत गेली.

“एवढाच रस्ता होता, विभा,” हाजराभाभी म्हणाल्या. “एवढाच.”